लोखंडी काठाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. ज्या वर्षी एल्स्पेट लीपरच्या मुलाने, ॲलिकने, डोंगराकडची मुलगी बायको करून आणली, त्या वर्षी माझ्या अंगाला लोखंडाचा काठ लागला. ते साल १९७४. त्याआधीचं आयुष्य मी थोडक्यात सांगते.

इन्श गावाजवळच्या डोंगरात, खाणीत माझा जन्म झाला. निळसर काळा रंग, अंग सपाट आणि जाड. तिथून मला ॲबरडीनला आणलं आणि बंदरापलीकडच्या टॉरी वस्तीत, मासे खारवण्याच्या कारखान्यात आडवं टाकलं. पन्नास वर्षं बायका माझ्यावर हॅडॉक मासे चिरत होत्या. खवले, मीठ, थंडगार पाणी आणि त्या बायकांच्या शिव्या, एवढंच माझं शिक्षण. अक्षर म्हणून माहीत नव्हतं.

त्या बायकांत एल्स्पेट होती. १९५८ च्या जानेवारीत तिचा नवरा जीम्स बोट घेऊन गेला, तो परत आला नाही. टॉरीत एक रीत आहे. ज्या घरात समुद्रावर जाणारा पुरुष उरला नाही, त्या घराच्या कडीला परतलेले बोटवाले चार मासे दोरीत ओवून अडकवून जातात. कोणी अडकवले हे विचारायचं नसतं, आभार मानायचे नसतात. एल्स्पेटने ते मासे शिजवले, पुढच्या खोलीत चार टेबलं मांडली आणि खानावळ उघडली. कारखाना मोडला तेव्हा तिने मला ढकलगाडीवर घालून घरी नेलं, वाळूने घासलं आणि दारात उभं केलं. मग खडू घेऊन माझ्यावर एक शब्द लिहिला. म्हातारपणी मला अक्षर आलं, मित्रांनो, आणि ते मी कधी विसरले नाही.

एल्स्पेटचा नियम कडक होता. त्या दिवशी जे उतरलं तेच माझ्यावर लिहायचं, आणि शेजारी बोटीचं नाव. 'हॅडॉक, मार्गेट लीपर.' 'खेकडे, मार्गेट लीपर.' ही बोट जीम्सच्या थोरल्या भावाची, डॉड लीपरची. कालचा मासा माझ्यावर कधी चढला नाही. वादळात बोटी गेल्या नाहीत तर मी कोरी, आणि दार बंद. गिऱ्हाईक लांबून माझ्याकडे बघायचं आणि कोरी दिसले की टोपी सारखी करून परत फिरायचं. सगळ्या बंदरात माझ्या शब्दाला किंमत होती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, खरं होतं म्हणून सांगते.

मग ॲलिकची बायको आली. तिचं नाव रोना. इन्शच्या लोहाराची मुलगी, म्हणजे माझ्याच डोंगराची. हात कामाला चपळ, तोंड त्याहून चपळ. त्या दिवसांत शहरात तेलवाले आले होते, समुद्रातून तेल काढणारे परदेशी. त्यांच्यातले सहा जण खानावळीत येऊन म्हणाले, "सोमवारी आम्ही जेवायला येऊ, पण आम्हाला तो गुलाबी मोठा मासा पाहिजे." रोनाच्या बापाने तो नदीवर गळाने धरला होता. रविवारी ती माहेरी जाऊन घेऊन आली.

त्या माशाचं नाव मी एकदाच सांगते, तेही माझ्या अंगावर लोखंड आहे म्हणून. सॅमन. समुद्रावर जाणारा माणूस टॉरीत हा शब्द उच्चारत नाही. कानावर पडला तर जवळच्या लोखंडाला हात लावतो. ही गोष्ट रोनाला कोणी सांगितली नव्हती. सांगायची म्हणजे शब्द उच्चारावा लागतो ना!

सोमवारी पहाटे साडेचारला ती सगळ्यांआधी उठली. माझ्यावर तो शब्द वीतभर उंच अक्षरांत लिहिला आणि कौतुकाने मला रस्त्याकडे तोंड करून ठेवलं. त्याच रस्त्याने खलाशी धक्क्याकडे जातात.

डॉड पुढे होता, मागे त्याचे चार गडी. डॉडने मला वाचलं आणि जागीच थांबला. मग जी धावपळ उडाली ती मी जन्मात विसरणार नाही. एकाने दिव्याचा खांब धरला, एकाने पन्हाळीला मिठी मारली, एकाने बूट काढून टाचेचे खिळे मुठीत घेतले. सगळ्यात धाकट्याला काही सापडेना.

"मला धरू दे रे, सरक!" तो पन्हाळीवाल्याला म्हणाला.

"तुझी तू शोध," दुसरा म्हणाला, "मला चार पोरं आहेत."

डॉड वळला आणि घरी गेला. चौघे त्याच्या मागे गेले. मागून येणाऱ्या दुसऱ्या बोटींचे लोकही मला वाचून परतले. महिन्यातला सगळ्यात शांत समुद्र त्या दिवशी समोर पसरला होता, आणि टॉरीच्या सात बोटी धक्क्यालाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बोटी गेल्या आणि परतल्या. ॲलिक टोपली घेऊन धक्क्यावर गेला तेव्हा डॉड त्याच्याकडे न बघता म्हणाला, "आज तुमच्यासाठी नाही." दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. बाजारातून मासा आणता आला असता, पण एल्स्पेट ऐकेना. "बोटीचं नाव लिहिता येत नाही तो मासा मी रांधत नाही." मी कोरी राहिले. बुधवारी कोरी, गुरुवारी कोरी, शुक्रवारीही कोरी. गिऱ्हाइकांना वाटलं वादळ आहे, पण आभाळ तर स्वच्छ होतं. अशा चार दिवसांत खानावळीचं नाव जातं, मित्रांनो. सोळा वर्षांत कमावलेलं नाव.

रोना रडकुंडीला आली. "आई, मी लिहिलं तरी काय असं? कोणी सांगेल का मला?"

एल्स्पेटने फळीवरून त्या गुलाबी माशाचा विकतचा डबा काढला, टेबलावर ठेवला आणि बोटाने वरच्या चित्रावर टकटक केलं. दुसरा हात तिने चुलीच्या लोखंडावर ठेवला होता.

"हा मासा?" रोना म्हणाली. "एवढ्याचसाठी? एका माशाच्या नावासाठी बोटी बुडतात असं तुम्हाला वाटतं?"

"नाही वाटत," एल्स्पेट म्हणाली. "पण पोरी, जीम्स गेला त्या सकाळी आम्ही दोघं काय काय बोललो, ते मी सोळा वर्षं आठवून बघते आहे. एक एक शब्द. जाणाऱ्याचं काय, तो लोखंडाला हात लावून मोकळा होतो. घरी राहणारीला तेवढंही नसतं."

रोना मला कापडाने पुसता पुसता माझ्या कडेवर बराच वेळ हात फिरवत राहिली. शनिवारी सकाळी ॲलिकला घेऊन तिने मला पोत्यात गुंडाळलं आणि आगगाडीने थेट इन्शला नेलं. बापाला म्हणाली, "बाबा, मासा तुम्ही दिलात, आता निस्तराही तुम्हीच." लोहाराने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. जुन्या नांगराचं लोखंड तापवलं, ठोकलं आणि माझ्या चारी बाजूंनी चार बोटं रुंद काठ बसवला. ज्या डोंगरातून मी निघाले तो त्याच्या अंगणातून दिसत होता. इतक्या वर्षांनी मी माहेरी गेले, आणि दागिना लेवून परत आले.

सोमवारी पहाटे रोनाने मला रस्त्याच्या कडेला, खलाशांच्या वाटेत उभं केलं. माझ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. ती शेजारी उभी राहिली. थंडीने तिचे ओठ निळे पडले होते.

डॉड आला. थांबला.

"डॉडकाका," रोना म्हणाली, "पाटी कोरी आहे. लिहायचं काय ते तुम्ही सांगायचं. आणि वाटेत काही वाईट कानावर पडलं तर धरायला लोखंड आणलंय. पन्हाळीसाठी भांडायला नको."

मागे कोणीतरी फिस्कन हसलं. डॉड हसला नाही. "थंड आहे का? थंडच लोखंड लागतं."

"पहाटेचे साडेचार वाजलेत काका, आणि हे ॲबरडीन आहे. थंड नाही तर काय असणार?"

डॉडने मला खालवर न्याहाळलं. "कोणी ठोकलं?"

"माझ्या बाबांनी. नांगराचं आहे."

"शेतकऱ्याचं लोखंड," डॉड पुटपुटला. मग हातमोजा काढला, उघडा तळवा माझ्या काठावर ठेवला आणि चालू लागला. त्याच्या मागे चौघांनी एकेक करून हात लावला. धाकट्याने दोनदा लावला.

त्या दिवशी समुद्र खवळला. एल्स्पेट दिवसभर खिडकीत बसून होती. रोनाने चूल पेटवली नाही. मधूनमधून बाहेर येऊन माझ्या काठाला हात लावून जायची, आणि कोणी बघत नाही ना हेही बघायची. मी बघत होते. दुपारी चारच्या सुमाराला डॉड स्वतः दारात आला. खांद्यावर हॅडॉकची पेटी होती, दाढीतून पाणी गळत होतं. पेटी आपटून म्हणाला, "लिही गं शेतकरणी. हॅडॉक, मार्गेट लीपर. आणि अक्षर जरा बेताचं काढ, पलीकडच्या किनाऱ्यावर वाचायचं नाहीये."

तेव्हापासून त्या गुलाबी माशाला आमच्याकडे 'लाल मासा' लिहितात, तेही सगळ्या बोटी बाहेर पडल्यावर, आठनंतर.

पुढे एल्स्पेट थकली आणि खानावळ रोनाने चालवली. माझेही वाईट दिवस आले. १९९९ मध्ये ॲलिकने रंगीत चित्रांची छापील पाटी आणली आणि मला कोळशाच्या खोलीत टाकलं. चित्रातला हॅडॉक वादळातही तसाच चकचकीत दिसायचा. दोन हिवाळे मी काळोखात काढले. एका सकाळी बाहेर डॉडचा आवाज ऐकला. बोट विकून त्याला दहा वर्षं झाली होती, तरी मी दारात होते तोवर रोज पहाटे तो काठी टेकत यायचा.

"पाटी कुठंय?"

"काका, आता तुम्ही समुद्रावर कुठे जाता?" ॲलिक म्हणाला.

"मी नाही जात. जे गेलेत त्यांच्यासाठी हात लावतो."

रोनाने ते ऐकलं. त्याच दिवशी तिने मला बाहेर काढलं, धुतलं, काठाला तेल लावलं. छापील पाटी कोळशाच्या खोलीत गेली.

मित्रांनो, ॲबरडीनला आलात तर मासे कुठे खावेत असं सगळे विचारतात. माझं ऐका. जिथे पाटीवर रोज सगळं मिळतं तिथे जाऊ नका. जिथे बोटीचं नाव लिहिलेलं असतं आणि कधीकधी पाटी कोरी असते, तिथे बसा. हॅडॉक मागा, वर व्हिनेगर घ्या, काटे बाजूला काढा आणि ताटात काही टाकू नका. त्याच्यासाठी कोणीतरी पहाटे घर सोडलेलं असतं. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूला ओल्या फडक्याने पुसलंत तर लगेच कोरडं करा. लोखंड गंजतं. माझ्या काठाचा उजवा वरचा कोपरा मात्र कधी गंजला नाही. तिथे इतके हात लागलेत की तो चांदीसारखा चमकतो.

एल्स्पेट लीपर १९९१ च्या मे महिन्यात गेली. डॉड लीपर २००६ च्या नोव्हेंबरात, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, टॉरीत, स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर वारला.