पोथीचा नेम

केजच्या अंगाला आमचं गाव. तिथं पाडव्याला नेम धरायची रीत होती. लिंबाचा पाला खाल्ला की ज्याला वाचता येतं त्यानं पोथीवर हात ठेवायचा अन् औंदा काय वाचणार ते चारचौघांत बोलायचं. वाचता येणारे तरी किती? निजामाच्या शाळेत उर्दू, ती बी तालुक्याला. गावात आमचे मालक तेवढे एकटेच. दर एकादशीला पोथी लावायचे, सारं गाव माना डोलवायचं. मला लई मिरवल्यागत व्हायचं, खोटं कशाला बोलू.

एका पाडव्याला मीच पोथीवर हात ठेवला. म्हणलं, "औंदा नेम माझा. फुडल्या पाडव्याला पोथी मी वाचणार अन् तुमी ऐकायची."

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "दुसरं कायतरी धर," म्हणले.

"कावून? बाईमाणसाचा विटाळ होतो का पोथीला?"

"तसं न्हाई."

"मग शिकवा."

माझ्या फुडं त्यांचं कधी चाललंय? दुसऱ्या दिवशी त्यांनी परातीत चुलीतली राख पसरली. आदी आडवी रेघ ओढली, मग तिला लोंबकळणारी गोल गोल अक्षरं काढून दावली. ल्हानपणी पटवाऱ्याचं दप्तर उचलायला होते, तिथं शिकलेले.

पावसाळा सरेपर्यंत मला अक्षरं आली. पोथी मागितली की म्हणायचे, "हात बसू दे आदी." मी चिडायचे. साखराबाई आक्का, माझी थोरली नणंद, हसून भावाला म्हणायच्या, "दे की रे तिला एक पान. खाती का काय पोथी?" त्यांनी दिलं न्हाई.

अश्विनात मानमोडीची साथ आली. घरटी माणूस गेलं. ह्यांनाबी ताप भरला. उशाशी बसलेली मी, माझं मनगट धरून म्हणले, "तारा, पोथी उघडू नको. मला..." फुडं खोकल्यानं बोलू दिलं न्हाई. मला संताप आला. मरताना सुदिक ह्या माणसाला बायको शिकलेली बघवंना. त्या रागातच पाणी आणायला उठले, अन् आले तवा ते गेलते.

पाडवा आला. सुतकाचं वरीस, दारात गुढी न्हवती. आक्का अन् शेजारची गीताबाई म्हातारी वसरीवर येऊन बसल्या. आक्का म्हणल्या, "तारा, त्याच्यासाठी तुजा नेम फेड." मी तांबडं फडकं सोडलं अन् पहिलं पान हातात घेतलं.

एक ओळ लागंना. रेघ तुटक, अक्षरं खांब रोवल्यागत ताठ. एखादं ओळखीचं वाटायचं, त्याच्या शेजारचं परकं. उलटं धरलं का म्हणून पान फिरवून बघितलं. मग ध्यानात आलं. मला शिकवलेली मोडी, दप्तरातली. पोथी बाळबोध. ही नावं मागून कळली, पण एवढं तिथंच कळलं, की मला शिकवणाऱ्याला ही अक्षरं येतच न्हवती. चुलत्याच्या मांडीवर बसून पोथी ऐकायचे म्हणून सांगायचे, तवाच सारी पाठ केली असणार. पान उलटायचे ते निसतं दम घ्यायला.

आक्का वाट बघत होत्या. त्यांच्या भावाचा गावात मान होता तो ह्या पोथीवर. मी मान खाली घातली अन् म्हणाया लागले. इतकी वर्सं ऐकून मलाबी पाठच होती. दम लागला की पान उलटायचे. आक्का तोंडाला पदर लावून रडल्या. म्हणल्या, "भाऊच बसल्यागत वाटला गं."

"वाटणारच," मी म्हणलं.

"अन् औंदाचा नेम?"

"ह्योच. पहिल्यापसनं."

गीताबाईला पोचवायला आक्का गेल्या अन् मी चुलीपाशी बसले. लई राग आला मालकांचा. अवो, मला सांगायचं होतं. मी काय गावभर केलं असतं? दोघं मिळून अडाणी राहिलो असतो, न्हाईतर दोघं मिळून शिकलो असतो.

परातीत राख पसरली. नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये. लग्नातल्या उखाण्यानंतर मी कधी घेतलं न्हवतं. आडवी रेघ ओढली अन् तिच्या खाली बोटानं लिवलं. आसाराम. तेवढं मला वाचता आलं. मग सैपाकाची येळ झाली, राख भरून टाकली.