कललेला टेनोराइट

गोकुळाबाईच्या घरात वाकडी वस्तू टिकत नसे. दारातली चप्पल तिरपी पडली तर ती पायानं सरळ करायची, आणि सून तिरपं बोलली तर तोंडानं. नागभीडकडच्या तलावावर जाळं टाकणाऱ्या घराण्यातली बाई. तिनं मारलेली गाठ माशानं सोडा, नवऱ्यानंही कधी सोडवली नव्हती.

त्या सकाळी नात आचल आंघोळीला गेली आणि गोकुळाबाईची नजर बाजेवरच्या दोन सांगाड्यांवर गेली. आचल चंद्रपूरला कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकत होती. दुपारी तिची परीक्षा होती, खनिजाच्या आत कण कसे बसलेले असतात ते दाखवणारे हे सांगाडे बाहेरून येणाऱ्या सरांना दाखवायचे होते. बांबूच्या कामट्या, तांब्याचे कण म्हणून गेरूत बुडवलेल्या मोहाच्या बिया, प्राणवायूचे म्हणून पांढरे मणी. एक सांगाडा डब्यासारखा चौकोनी. दुसरा मात्र एका अंगाला कललेला, पाय निखळलेल्या बाजेसारखा.

“पोट्टीले घाई झाली असन,” असं म्हणून तिनं जाळ्याचा दोरा काढला. दाबून सांगाडा ताठ केला, कोपऱ्याकोपऱ्यात गाठी मारल्या, वर दोन्ही अंगांना आडव्या तिरप्या कामट्या बांधल्या. आता त्यावर पोरगं बसलं असतं तरी हलला नसता.

आचल केस पुसत आली आणि जागीच उभी राहिली.

“आजी, हे कोनं केलं?”

“मी. तुले जमलं नाई म्हणून.”

“अवं, तो वाकडाच असते.”

“कोन वाकडा असते?”

“टेनोराइट. दोन्ही तांब्याचेच दगड. हा सरळवाला क्युप्राइट, लाल असते. त्याच्यात तांब्याच्या एकेका कणाले प्राणवायूचे दोनच शेजारी, एक इकून, एक तिकून. टेनोराइट काळा. त्याच्यात प्राणवायू जास्त, एकेका तांब्याले चार शेजारी. मंग त्यायची मांडणीच तिरपी बसते. आता दोन्ही सरळ दिसून राह्यले. सर म्हणतीन, इले फरकच समजला नाई.”

गोकुळाबाईनं सांगाड्याकडे रागानं पाहिलं. “दगडाले कोनी शिकवलं असं बसाले?”

“बस येऊन राह्यली, आजी.”

आचलनं सांगाडा एका अंगाला ढकलून पाहिला. हलेना. नखानं गाठ उकरली, नखच तुटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तशी गोकुळाबाई उठली, विळी घेऊन बसली. आपल्या हातची गाठ आपणच कापायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. एकेक दोरा तुटत होता आणि प्रत्येकाला ती काही ना काही ऐकवत होती. सून स्वयंपाकघरातून पाहत होती, पण हसायची हिंमत तिच्यात नव्हती.

“किती वाकवू?”

“काटकोनाहून थोडकासाच.” आचलनं कोनमापक लावला. “एवढा नाई. हा तं दारू पिऊन पडला. अजून उचल. हां, बस.”

तेवढ्यावर धरून गोकुळाबाईनं पुन्हा गाठी मारल्या, या वेळी तिरपी कामटी कललेल्या मापाला बसेल अशी आखूड कापून.

आचलच्या हातात दोन सांगाडे मावेनात, म्हणून गोकुळाबाई स्वतःच तिच्याबरोबर बसमध्ये चढली. काळ्या खनिजाचा सांगाडा मांडीवर. शेजारी गावातला इस्तारी बसला होता. त्यानं हात पुढे केला.

“बाई, हे कललं हाय. दाबून देऊ का?”

“हात मांग घे. कललं तं कललं. तुह्या डोक्यात फरक हाय, त्याच्यात नाई.”

चंद्रपूर येईपर्यंत तिनं सांगाड्याला खिडकीचा वारासुद्धा लागू दिला नाही.

परीक्षा चालली तोवर ती कॉलेजच्या ओट्यावर पाय पसरून बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांना आपली नात आत काय करतेय ते कोणी न विचारताच सांगत होती. आचल बाहेर आली ती हसतच.

“सरांनी पहिलंच विचारलं, हा कलला काऊन? मी धडाधड सांगितलं. मंग बोटानं ढकलून पाह्यला त्यायनं. हलला नाई.”

“अन् मंग?”

“दोन्ही कपाटात ठेवले. पुढच्या पोरापोरींले दाखवाले.”

गोकुळाबाईला ते कपाट पाहायचंच होतं. काचेआड, खऱ्या दगडांच्या ओळीत, तिचा सांगाडा आपल्या तोऱ्यात उभा होता. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि झाडू मारणाऱ्या बाईला हाक मारली.

“बाई, धूळ पुसत जा. पण याले सरळ नको करू.”