शनिवारचा कॅन

गाडीतलं गुणाजीला काही कळत नव्हतं, पण डिझेलमधलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची पक्की समजूत होती. असणारच! तीस वर्षं देवबागच्या खाडीतून बोट बाहेर काढणारा माणूस; नाकात डिझेलचा वास गेल्याशिवाय त्याला सकाळ झाल्यासारखं वाटायचं नाही. त्यामुळे एकुलत्या एका मुलानं, प्रितेशनं, जुनी गाडी बघितली आणि तीही पेट्रोलवरची, म्हटल्यावर गुणाजीचं डोकंच फिरलं.

“पडवीत डिझेलचो बॅरल भरलेलो आसा नि तू पेट्रोलाची गाडी घेवक निघालंस? शिकलंस तां खंय गेलां?”

प्रितेश गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात होता. कुडाळात एका दलालाकडे दोन गाड्या होत्या. एक तांबडी पालियो, सोळाशे सीसीची, पेट्रोल. दुसरी रुपेरी स्विफ्ट, डिझेल. दोन्ही चालवून बघितल्या, तेव्हा गुणाजी बाजूच्या सीटवर होता. तांबडीच्या ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला मात्र, पोरगा खदखदून हसला. दहावीनंतर त्याला असं हसताना गुणाजीनं बघितलं नव्हतं. हे त्यानं बघितलं, आणि बघूनही म्हणाला, “डिझेल घी.”

कारणं त्यानं शंभर सांगितली. डिझेल स्वस्त, ॲव्हरेज जास्त, इंजीन दणकट. खरं कारण एकच होतं आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आधी दर शनिवारी मोटरसायकल हाणत येणारा प्रितेश हल्ली पंधरा दिवसांनी यायचा, कधी महिन्यानं. फोनवर म्हणायचा, ‘काम आसा.’ डिझेलची गाडी असली तर बोटीच्या बॅरलमधलं डिझेल न्यायला तरी तो येईल. आठवड्याला वीस लिटरचा एक कॅन. फुकटचं कोण सोडतो? असा त्याचा हिशोब. बापानं मुलाला ‘ये रे बाबा, तू नसलास की घर खायला उठतं’ असं तोंडानं म्हणायचं असतं, हे काही त्याच्या गावीही नव्हतं.

प्रितेश ऐकेना. मग गुणाजीनं आपल्याकडची शेवटची तोड काढली. “देवाक कौल लावया. देव सांगात तां.”

“गाडयेसाठी कौल?” त्याची बायको प्रेमलता म्हणाली. “देवाक दुसरी कामां नाय?”

पण गेले तिघंही. गुरवानं देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान डिझेलाची गाडी घेवची काय? घेवची तर उजवो कौल दी म्हाराजा!”

“होय म्हाराजा,” गुणाजी सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

थोड्या वेळानं कळी पडली. डावी.

प्रितेशनं हात जोडले. गुरव ताम्हण उचलायला वाकला. एवढ्यात गुणाजी म्हणाला, “थांब. प्रश्न चुकलो.”

“गुणाजी, देवान दिल्यान मरे कौल.”

“प्रश्न चुकलो म्हणतंय ना! असां विचार, पेट्रोलाची गाडी माज्या झिलाक, ह्या प्रितेशाक, धार्जिणी नाय, होय काय?”

प्रेमलतेनं कपाळाला हात लावला. “देव म्हणजे काय तुमचो खलाशी? हुकूम सोडतास तो?”

गुरवानं नव्या कळ्या लावल्या. या खेपेला उजवी पडली. गुणाजीच्या चेहऱ्यावर असा काही आनंद, की जाळ्यात सुरमईच सुरमई. प्रितेश बापाकडे बघत राहिला, वाद घातला नाही, रागावलाही नाही. “बरां. डिझेलाची घेतंय,” एवढंच म्हणाला. आपण जिंकलो असं गुणाजीला वाटलं. मूर्ख माणूस!

पण पुढचे सात महिने त्याचे फार सुखाचे गेले, हे खोटं कशाला बोला. शनिवारी सकाळीच तो बॅरलमधून डिझेल काढायचा, प्रेमलतेच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळायचा आणि कॅन पायरीवर आणून ठेवायचा. दुपारी रुपेरी गाडी माडांखाली येऊन थांबायची. रविवारी निघताना बापलेक दोघं मिळून कॅन डिकीत चढवायचे, आणि तेवढ्यात दोन गोष्टी बोलून व्हायच्या. वारा कुठला आहे, बांगडा लागतोय की नाही, साहेब त्रास देतो का. एकही शनिवार चुकला नाही. गुणाजी बंदरावर जो भेटेल त्याला सांगायचा, “डिझेल घेवक लावलंय म्हणान झील येता. नायतर खंयचो येतलो!”

मे महिन्यात गावातल्याच परशुरामाकडे तो सहज गेला. परशुरामानं तारकर्लीच्या रस्त्याला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. वीज गेली होती, मागच्या दारी जनरेटर धडधडत होता. त्याच्या बाजूला निळा कॅन. कानाला गुणाजीनंच बांधलेली जाळ्याची दोरी.

“ह्यो खंयसून इलो?”

“तुमच्या प्रितेशान दिल्यान,” परशुराम खुशीत म्हणाला. “दर रविवारी जाताना भरलेलो ठेवता, रिकामो घेवन जाता. आजचो न्हय, दिवाळीपासून. पैशे देतंय म्हटलां तर घेणा नाय. बरो झील तुमचो!”

गुणाजी घरी आला तो रस्ता कसा चालला हे त्याला आठवत नाही.

शनिवारी गाडी माडांखाली थांबली. आज पायरीवर कॅन नव्हता, गुणाजी बसला होता.

“डिझेल खंय जाता रे?”

प्रितेशला समजायला वेळ लागला नाही. “मडगावच्या गॅरेजवाल्यान पयल्याच म्हयन्यात सांगल्यान. नव्या पद्धतीचां इंजीन आसा, बॅरलातलां पाणयाचां डिझेल घातलां तर बसतला.”

“मगे माका सांगूक तोंड नव्हतां?”

“सांगान काय झालां असतां बाबा? तुमी परत कौल लावलो असतो.”

गुणाजीच्या अंगाची लाही लाही झाली. “सात म्हयने माज्या हातातसून कॅन घेतलंस नि परक्याच्या दारात ओतलंस! माका फसवलंस!”

“होय, फसवलंय,” प्रितेश शांतपणे म्हणाला. “कॅन चढवताना तुमी माज्याशी धा मिनटां धड बोलत होतास. आधी कधी बोललास?”

इथं गप्प बसायचं होतं. पोराच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, झालं. पण गुणाजीची जीभ! “कॅन बंद! आता कशाक येतलंस तां बघतंय मी!”

प्रितेश एकदम थांबला. 

“म्हणजे डिझेल ह्याच्यासाठी होतां?” तो म्हणाला. “मी येवक होयो म्हणान? बाबा, नुसतां ‘ये’ म्हटलां असतां तरी मी इलो असतंय. पेट्रोल जाळीत इलो असतंय.”

 प्रेमलता आतून पान वाढल्याचं ओरडत होती. प्रितेशनं तिला दारातूनच काहीतरी सांगितलं आणि न जेवता गाडीत बसला.

जून गेला, जुलै गेला. शनिवारी फोन यायचा तो प्रेमलतेला. गुणाजी दारातल्या खळ्यात जाळं विणत बसायचा, कान आत. एकदाही ‘बाबांक दी’ असं तिकडून आलं नाही, आणि ‘माका दी’ असं म्हणायला याची जीभ वळली नाही.

गणपतीच्या आधी प्रेमलता म्हणाली, “झिलान चार दिवस बोलवल्यान. एस्टीन जातंय.”

मालवणच्या स्टँडवर गुणाजी पिशवी घेऊन गेला. सुका जवळा, सोलं, नारळ. बस लागली, प्रेमलता चढली, त्यानं खिडकीतून पिशवी आत दिली. हात खिडकीच्या गजावरून काढला नाही.

“मी इलंय तर?” त्यानं विचारलं.

प्रेमलतेनं पिशवी पायाशी नीट लावली.

“तेका विचारूक लागतला,” ती म्हणाली, आणि बस सुटली.