प्लॅस्टिकमधली पदवी

खिडकीमागच्या बाईंनी माझी पदवी दोन बोटांत धरून उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

काय केलं, असं मीच त्यांना विचारलं, कारण मला खरंच कळलं नव्हतं. सकाळी सातपासून मी रांगेत होते. फाइल बाबांनी आदल्या संध्याकाळी लावून, नाडी बांधून दिली होती, ती तशीच उघडून मी आत सरकवली होती. बाईंनी पदवीवर नखाने टकटक केलं. कागदाचा असा आवाज येत नाही. मग मी नीट बघितलं. माझी पदवी, विद्यापीठाच्या सोनेरी मोहरेसकट, जाड चकचकीत प्लॅस्टिकमध्ये बंद होती. चारही कोपरे छान गोल कापलेले.

बाई म्हणाल्या की परदेशासाठीचा साक्षांकनाचा शिक्का मूळ कागदाच्या पाठीवर मारायचा असतो, प्लॅस्टिकवर नाही. लॅमिनेट केलेली मूळ प्रत इथे घेत नाहीत, बाहेर पाटी लावली आहे. एवढं सांगून त्या पुढचा नंबर पुकारून मोकळ्या झाल्या. पाटी मी वाचली होती हो. तीन तास रांगेत दुसरं वाचायला होतं काय? असले दीडशहाणे कोण असतात, असं म्हणून मनातल्या मनात हसलेसुद्धा होते.

तर ते दीडशहाणे आमच्याच घरातले.

माझे बाबा विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाइंडर आहेत. तळघरात त्यांची खोली आहे, तिथे एकतीस वर्षं ते फाटकी पुस्तकं शिवतात, पानं चिकटवतात, प्रबंधांना पुठ्ठे घालतात. खळीचं भांडं सतत हाताशी, म्हणून सगळे त्यांना खळकाका म्हणतात, कुलगुरूसुद्धा. उघडा कागद त्यांना बघवत नाही. विजेचं बिल आलं तरी ते आधी त्याच्या कडा सरळ करणार, मग वाचणार. आमच्या घरात माझ्या पहिलीच्या वह्यांनासुद्धा कापडी कणा आहे. अशा माणसाच्या हातात मी माझी फाइल दिली, यात चूक कोणाची हे तुम्हीच ठरवा.

आमच्या विद्यापीठात स्वतंत्र अभ्यास नावाची योजना आहे. एक सत्र परदेशातल्या विद्यापीठात जायचं. तिथे वर्ग नाहीत, तास नाहीत, परीक्षा नाही. विषय आपला, वेळापत्रक आपलं. तिथला एक मार्गदर्शक महिन्यातून दोनदा भेटणार आणि शेवटी आपण प्रबंध लिहायचा. मी वनस्पतिशास्त्राची. माझा विषय भिंतींवरचं शेवाळ. हवा किती बिघडली आहे हे त्यावरून ओळखता येतं. घरी हे समजावताना माझी जीभ झिजली. आई म्हणाली, शेवाळच बघायचं तर आपल्या न्हाणीघरात काय कमी आहे, आणि हा विनोद तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून ऐकवला. बाबांची शंका निराळीच होती. वर्गच नाहीत तर हजेरी कोण घेणार? कोणीच नाही, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तू आजारी पडलीस तर कोणाच्या लक्षात येणार?"

आणि स्वतंत्र म्हणजे काय, तर एकोणीस सह्या. अभ्यासाचा आराखडा मी सात वेळा लिहिला. विभागप्रमुख म्हणाले विषय फार छोटा आहे, समिती म्हणाली फार मोठा आहे, मी मधल्या मापाचा करून नेला तर दोघांनीही विचारलं की आधीचा काय वाईट होता. वैद्यकीय तपासणीत छातीचा फोटो निघाला तो दुसऱ्याच कोणाचा तरी. तिथल्या मार्गदर्शकांनी मात्र पहिल्याच पत्राला होकार दिला होता. फक्त एक अट होती: याच सत्रात या, कारण त्यानंतर ते दोन वर्षं रजेवर जाणार होते. व्हिसाची मुलाखत चोवीस तारखेला होती. त्या दिवशी शिक्का मारलेली मूळ पदवी समोर ठेवायची, नाहीतर सत्र गेलं, मार्गदर्शक गेले आणि एकोणीस सह्या गेल्या चुलीत. आज सात तारीख होती.

मी तशीच तळघरात गेले. बाबा कुठल्याशा कोशाचा कणा बसवत होते. मला बघून त्यांनी हात पुसले आणि झालं का काम, असं इतक्या आशेने विचारलं की माझं डोकंच फिरलं. मी पदवी त्यांच्या पुढ्यात आपटली आणि तोंडाला येईल ते बोलले. विचारायचं नाही का? माझे कागद आहेत ना? तुम्हाला कोणी सांगितलं होतं? बाहेर पुस्तकं न्यायला आलेला शिपाई दारातूनच परत फिरला.

ग्रंथालयात ओळखपत्रांसाठी नवीन लॅमिनेशनचं यंत्र आलं होतं. बाबांना ते मुळीच आवडत नव्हतं. कोपऱ्यात कापड घालून झाकून ठेवलं होतं. पण मी एकदा जेवताना म्हणाले होते की तिकडे बारा महिने पाऊस असतो. तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं. एरवी मी सांगितलेलं काही म्हणून लक्षात राहत नाही.

"एकटी फिरणार तू," ते म्हणाले. "पिशवी भिजली तर?"

फाइल पूर्ण उघडून बघितली तर सगळंच प्लॅस्टिकमध्ये. विभागाचं पत्र, लसीकरणाचं कार्ड, आणि कहर म्हणजे आरोग्याचा कोरा अर्ज, ज्यावर मला अजून बत्तीस रकाने भरायचे होते. तो हातात धरून मी हसायला लागले; ते हसणं काही चांगलं नव्हतं. बाकीचे कागद पुन्हा मिळण्यासारखे होते. पदवी एकच होती.

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझ्या आठवणीत त्यांनी अशी रजा कधी घेतलेली नाही. घरी येऊन त्यांनी इस्त्री तापवली, टेबलावर चादरीची घडी पसरली आणि म्हणाले, "ऊब दिली की सुटतं का बघू. आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघतो."

मी फोनवर होते. परीक्षा विभाग, तिथून दाखले विभाग, तिथून पुन्हा परीक्षा विभाग. प्रत्येक जण मला दुसऱ्याचा नंबर देत होता. आई शाळेतून आली, झालेलं ऐकलं आणि काही न बोलता भाजी चिरायला बसली. आई गप्प बसली की प्रकरण गंभीर असतं. मी फोन ठेवून टेबलाशी आले तेव्हा बाबा चिमट्याने एक कोपरा सोडवत होते. प्लॅस्टिक निघत होतं खरं, पण अक्षरं घेऊन निघत होतं. खाली पांढरा भुरभुरीत कागद उरत होता. अर्धं नाव गेलं होतं. नाव माझं नव्हतं.

तो त्यांचा स्वतःचा दाखला होता. बावीस वर्षांचे असताना त्यांनी पुस्तकबांधणीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला होता, त्यात पहिले आले होते. आयुष्यात मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्रक, तळघरातल्या त्यांच्या खोलीत टांगलेलं असायचं. घरी यायच्या आधी त्यांनी ते यंत्रातून काढून मुद्दाम लॅमिनेट करून आणलं होतं, माझ्या पदवीवर हात चालवण्याआधी तालीम म्हणून.

मी ओरडले. काय करताय, वेड लागलंय का, जुनं वर्तमानपत्र नव्हतं का घरात? बाबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"वर्तमानपत्राचा कागद वेगळा. दाखल्याला दाखल्याचाच कागद लागतो," ते म्हणाले. "माझा आता कोण बघायला मागतंय?"

मग चिमटा खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं की हे सुटणार नाही. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. पाण्यात पडलेली, वाळवीने खाल्लेली, उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं लोक त्यांच्याकडे आणतात आणि ते फक्त म्हणतात, ठेवा, बघतो. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि तरी त्या क्षणी वाटलं की कोणीतरी त्यांना धरून खुर्चीवर बसवावं. मी बसवलं नाही. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दाखले विभागात गेलो. तिथला कारकून बाबांना ओळखत होता. त्याच्या मागच्या कपाटातल्या सगळ्या नोंदवह्यांची बांधणी बाबांचीच. त्याने आम्हाला आत बोलावून खुर्च्या दिल्या आणि पदवी बघून जीभ चावली. दुसरी प्रत मिळायला एरवी दीड महिना लागतो, तो म्हणाला, पण खराब झालेली मूळ प्रत जमा केली आणि ती कशी खराब झाली याचं सहीनिशी निवेदन दिलं, तर दहा दिवसांत काढून देता येईल. मी बोटांवर मोजलं. अठरा तारीख. बसत होतं. काल सकाळपासून मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

कारकुनाने निवेदनाचा कागद पुढे केला आणि आवाज खाली आणला. "काका, पाण्याने भिजून खराब झाली असं लिहा. तुम्ही इथलेच कर्मचारी, म्हणून हे निवेदन ग्रंथपालांकडे जाणार, वर कुलसचिवांकडेही जाणार. उगाच चार जण वाचतील, चार जण बोलतील. पदवी भिजली, असंच लिहून मी पुढे पाठवतो."

मी लगेच हो म्हटलं. बाबांच्या हातात पेनही दिलं. ते कागदाकडे बघत बसले. मी हळूच म्हटलं, बाबा, लिहा ना, एक ओळीचं तर काम आहे, मला अजून तीन ठिकाणी जायचंय.

"भिजलेला कागद असता तर मी वाळवून दिला असता," बाबा म्हणाले. "इथे सगळ्यांना माहीत आहे ते. कोण विश्वास ठेवेल?"

आणि लिहायला लागले. त्यांचं अक्षर मोठं, सरळ, पुस्तकाच्या कण्यावर घालतात तसं. मला घाई झाली होती, कारकुनाच्या टेबलावरचं घड्याळ पुढे पळत होतं, आणि बाबा प्रत्येक ओळीनंतर थांबून आधीची ओळ वाचत होते. शेवटी मी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं. लिहिलं होतं:

'मी ग्रंथालयात बाइंडर म्हणून एकतीस वर्षं काम करतो. जे पुन्हा सोडवता येणार नाही असं काही कागदाला करू नये, हा आमच्या कामाचा पहिला नियम मला माहीत होता. तरीही मी माझ्या मुलीचं प्रमाणपत्र तिला न विचारता प्लॅस्टिकमध्ये बंद केलं. यात तिची काही चूक नाही. तिचं नुकसान होऊ नये ही विनंती.'

खाली सही, हुद्दा, तारीख.

कालपासून जे जे बोलले होते ते सगळं एकदम आठवलं, आणि त्यातला एकही शब्द परत घ्यायला जागा नव्हती. कारकुनाने निवेदन दोनदा वाचलं. एवढं लिहायची गरज नव्हती काका, असं काहीतरी तो पुटपुटला. मग त्याने रद्दचा शिक्का घेतला आणि पदवीवर मारला. शाई प्लॅस्टिकवरून घसरली, बोटाला लागली. त्याने पुसून पुन्हा मारला, पुन्हा तेच. नियमाप्रमाणे मग अर्जदारासमोर कापावी लागते, तो ओशाळून म्हणाला, आणि खणातून कात्री काढली. प्लॅस्टिक जाड होतं. कात्री नुसतीच कडेला चावत राहिली.

"द्या इकडे," बाबा म्हणाले. "तुमच्याने वाकडी जाईल."

मी म्हटलं, बाबा, मी कापते. त्यांनी ऐकलं नाही. पट्टी मागून घेतली, टेबलावरचे कागद बाजूला केले, पदवी सरळ ठेवली आणि पट्टी तिच्यावर मधोमध आडवी धरली. मग विचारलं, "नावावरूनच कापायला हवी का?"

कारकून म्हणाला, कुठूनही चालेल.

त्यांनी पट्टी बोटभर खाली सरकवली आणि कात्रीच्या पात्याच्या टोकाने तिच्या कडेने एकदा, दोनदा, तीनदा रेघ ओढली.

दोन्ही तुकडे त्यांनी एकमेकांना जुळवून टेबलावर ठेवले. वरच्या तुकड्यावर माझं नाव पूर्ण होतं. कारकुनाने पोच लिहून दिली, बाबांनी ती वाचली, दोन्ही हातांनी घडी न पाडता माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "ही तूच ठेव. माझ्याकडे नको."