खोंडाच्या गाईचं दूध

“कालवडीच्या गाईचं दूध चालत न्हाई, विजे. जिच्या खाली खोंड हाय, तिचंच पायजे. सोमवारी, न्हाल्यावर, उगवतीकडं तोंड करून पाजायचं. आन् पुडीत काय हाय ते इचारायचं न्हाई. इचारलं की गुण जातो.”

वन्संचं, शालूबाईंचं, हे बोलणं मनात घोळवत विजयमालाबाईंनी दूध गॅसवरून उतरवलं. सोमवार त्यांच्या उपवासाचा. महादेवाला बेल वाहून झाला होता, माधवनगरच्या त्या लहानशा घरात उदबत्तीचा वास भरून राहिला होता. देवघराच्या कोनाड्यातून त्यांनी वन्संनी बुवाकडून आणून दिलेली पिवळ्या कागदाची पुडी काढली. वर पांढरा-तांबडा दोरा आणि शेंदराचं बोट. दोरा सोडून त्यांनी पूड दुधात टाकली आणि चमचा फिरवला.

सृष्टी, त्यांची सून, तिसऱ्या महिन्यात होती. पहिली क्रांती, चार वर्षांची. मुलगा वीरधवल फौजेत, लांब सरहद्दीवर.

“आई, याला गंजलेल्या खिळ्यासारखी चव येते बघा,” पेला तोंडाला लावत सृष्टी म्हणाली.

“देवाचं आहे. नाक मुरडू नये.”

“आजी, मला पण दे की दूध!”

“ते तुझं नाही बाळा. मुलींचं नसतं ते.”

क्रांतीनं आईकडं बोट केलं. “मग ही काय मुलगा आहे का?”

सृष्टीला हसता हसता ठसका लागला. पेला रिकामा करून ती म्हणाली, “घ्या, संपवलं. आता मुलगी झाली तर आत्यांना सांगा, खोंडाचीच काहीतरी चूक झाली असेल म्हणून. मी आपली तुमच्याकडं बघून पिते हो. एवढ्या शिकलेल्या तुम्ही, तुम्ही देताय म्हणजे चांगलंच असणार.”

विजयमालाबाईंनी रिकामा पेला विसळून ठेवला. सरकारी प्रयोगशाळेत विषशास्त्र विभागाच्या त्या वरिष्ठ अधिकारी. सांगली-सातारा भागात कुणाचा संशयास्पद मृत्यू झाला की त्या देहातले अवयव मिठाच्या पाण्यातल्या सीलबंद बरणीतून त्यांच्या टेबलावर यायचे, आणि माणूस कशानं गेलं ते त्या सांगायच्या. गर्भ राहतो त्याच क्षणी मुलगा की मुलगी ते ठरलेलं असतं, हे त्यांना कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. पहिली पुडी सोडली तेव्हा ती पूड बोटावर घेऊन त्यांनी उजेडात धरलीही होती. इतकी जड, इतकी लालसर पूड झाडपाल्याची नसते. पण उत्तर कसं शोधायचं ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी प्रश्न विचारला नाही. घरात एक नातू खेळावा, एवढंच मागणं. देवापुढं त्यांनी ते कधी मोठ्यानं मागितलं नव्हतं. मोठ्यानं मागायची लाज वाटायची.

मुलगी नको, असं त्या तोंडानं कधीच म्हणाल्या नाहीत. आपल्यातल्याही किती जणी म्हणतात? आपण फक्त दूध तापवून देतो.

त्या प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा टेबलावर रेश्माचं प्रकरण वाट बघत होतं. आटपाडीकडची चोवीस वर्षांची पोर. दोन मुलींनंतर पुन्हा दिवस राहिलेले, चौथा महिना. पोटात कळा, मग झटके; मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत पोर गेली. ती कीटकनाशक प्याली, असा सासरच्यांचा जबाब. पण तपासणीत कीटकनाशकाचा थेंबही निघाला नव्हता. शुक्रवारीच निकाल आला होता: यकृतात आणि मूत्रपिंडात शिसं, तेही भयंकर. ते तिच्या पोटात गेलं कशातून, एवढंच शोधायचं राहिलं होतं. त्यासाठी पोलिसांनी घरातला मुद्देमाल पाठवला होता.

विजयमालाबाईंनी सील तपासलं, नोंद केली, पाकीट कापलं आणि ट्रेमध्ये उपडं केलं.

पिवळा कागद. पांढरा-तांबडा दोरा. शेंदराचं बोट.

ट्रे तसाच ठेवून त्या स्टुलावर टेकल्या आणि हातमोजे काढले. शेजारी काम करणाऱ्या मुलीनं विचारलं, “मॅडम, उपवासाचं गरगरतंय का?” त्यांनी मान हलवली. बाहेर जाऊन सृष्टीला फोन केला.

“सृष्टी, रिक्षा कर आणि मिरजेला डॉक्टरांकडं जा. क्रांतीला शेजारी ठेव. पुड्या राहिल्यात त्या सोबत घे. दुधातून शिसं गेलंय म्हणून सांग.”

“कोणत्या दुधातून?” आणि मग थोडं थांबून, “आई?”

“जा तू. आलेच मी.”

मग त्या प्रयोगशाळेचे प्रमुख उदयसिंह साहेब यांच्या खोलीत गेल्या. दार लोटलं, पण बसल्या नाहीत.

“साहेब, रेश्माचं प्रकरण माझ्याकडून काढून घ्या. त्याच पुड्या माझ्या घरात आहेत. आज सकाळीही मी माझ्या सुनेला एक पाजली.”

साहेबांनी चष्मा काढला. “तुम्ही? मॅडम, अहो तुम्ही?”

“हो.”

“प्रकरण काढतो. कारण घरगुती अडचण लिहू. उगाच तुमचं नाव कशाला? अख्ख्या खात्यात हसं होईल.”

“होऊ दे. खरं कारण लिहा. पोलिसांना जबाबही देते, पुड्या कुणी दिल्या त्या नावासकट.”

“नाव कुणाचं?”

“माझ्या नणंदेचं.”

फाटकाबाहेर लिंबाखाली एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. विजयमालाबाईंना बघताच ती उठली.

“आवं बाई, तुमी आतल्या न्हवं? मी बनाबाई, रेश्माची आई. पोरीचं काय निघालं वो?”

“ते पोलीस सांगतील, मावशी. मला सांगता येत नाही.”

“जावई म्हनतो औषध प्याली. माझी पोर तसली न्हवती वो. तिसरी पोरगी झाली तर माघारी पाठवतो म्हनला हुता, म्हनून मीच एका बुवाकडनं पुड्या आनल्या. लवकर गुण यावा म्हनून दोन दोन पाजल्या. तेवढ्यानं कायतरी झालं का? तुमच्यावानी शिकल्याली असती, तर कळलं असतं मला. न्हाई का?”

विजयमालाबाईंच्या ओठांवर एकच वाक्य आलं होतं: मावशी, मी शिकलेली आहे, आणि मीही पाजलं. ते तसंच ठेवून त्या पुढं थांबलेल्या रिक्षात बसल्या. शरमेनं त्यांना मागं वळूनही बघवलं नाही.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं. “वेळेत पाठवलंत. आईला बहुतेक धोका नाही. बाळाचं मात्र आज काहीच सांगता येत नाही. शिसं वारेतून पलीकडं, बाळापर्यंत जातं, हे तुम्हाला मी काय सांगायचं!”

सृष्टी भिंतीकडं तोंड करून पडली होती. तेवढ्यात शालूबाईंचा फोन आला. सृष्टीलाही ऐकू जावं म्हणून विजयमालाबाईंनी फोनचा आवाज मुद्दाम मोठा ठेवला.

“विजे, सोमवारची पुडी दिली न्हवं?”

“वन्सं, त्यात विष आहे. आटपाडीकडची एक पोर मेली त्यानं.”

“काय बी बोलू नगंस! आमच्या वाडीत पोरगंच झालं सगळ्यांस्नी.”

“सगळ्यांना?”

“ज्यास्नी पोरी झाल्या त्यांनी पथ्य पाळलं न्हाई. लय शिकलीस म्हनून देवाच्या कामाला नावं ठेवतीस व्हय? परवाच हंबीररावाच्या सुनंला दिली, आकारामाच्या लेकीला दिली. पुण्याचं काम करती मी!”

“त्यांना पाजू नका म्हणावं. आत्ताच सांगा.”

“तूच सांग येऊन! सांग की, मी बी पाजली म्हनून. बघू तोंड हुतंय का!” फोन बंद झाला.

सलाईनच्या थेंबांकडं बघत सृष्टी म्हणाली, “मला चव कळली होती. तुम्हालाही सांगितली होती.”

“हो.”

“तुम्ही दुसऱ्यांचं एवढं शोधून काढता, आई. माझ्या पेल्यातलं शोधावंसं नाही वाटलं?”

विजयमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. माफी मागून मिळावी इतका त्यांचा हक्क नव्हता.

“रडू नका. रडून त्या दोघींच्या पोटातलं निघणार नाही,” सृष्टी म्हणाली. तिचा स्वर मऊ नव्हता. “फोनवर आत्या ऐकायच्या नाहीत. तुम्ही जा. आणि साहेबीण म्हणून सांगू नका. मला पाजलंत, हे चारचौघींत सांगा. आत्यांच्या समोर.”

“सांगेन.”

“नक्की?”

“देवाला कबूल केलेलं एक वेळ चुकेल, सृष्टी. तुला केलेलं चुकणार नाही.”

सृष्टीची आई शेजारून क्रांतीला घेऊन आली आणि उशाशी बसली, क्रांती तिच्याच मांडीवर निजली, तेव्हा विजयमालाबाई उठल्या. वाटेत पोलीस ठाण्यावर जबाब लिहून दिला, उरलेल्या पुड्या जमा केल्या. ठाण्यातल्या तरुण हवालदारानं व्यवसायाच्या रकान्यात त्यांचं पद लिहिलं, मग एकदा त्यांच्याकडं आणि एकदा कागदाकडं बघितलं. त्यांनी नजर खाली घातली, पण सही केली.

स्टँडवर वडूजची गाडी लागली होती. खिडकीशी बसलेली ओळखीची बाई म्हणाली, “आवं बाई, आज सोमवारचा उपास आन् उन्हातनं कुठं निघालात? वन्संकडं कार्य हाय काय?”

“नाही. बायकांना एक सांगायचंय.”

“चांगलं की! तुमच्यासारख्यांनी सांगावंच.”

कंडक्टर जवळ आला. विजयमालाबाईंनी वाडीच्या फाट्याचं तिकीट मागितलं. गाडी हलली, तशी त्या शेजारणीकडं वळल्या. पहिल्यांदा हिलाच सांगावं, म्हणजे पुढं जीभ अडणार नाही.

“ऐका,” त्या हळूच म्हणाल्या, “मी माझ्या सुनेला विष पाजलं.”