वायरींच्या जुड्या

"या वायरी अशा नव्हत्या," वहिनी म्हणाली.

कारकुनाने पोतं टेबलावर उपडं केलं होतं आणि त्यातून चार्जरांचा एक भलामोठा गुंता धप्पकन पडला होता. काळ्या वायरी, पांढऱ्या वायरी, मध्येच दोऱ्यांची तुटकी टोकं. शेजारी एका खोक्यात फोन, एका पिशवीत बॅटऱ्या. पोलीस ठाण्याच्या मागची ही खोली जप्त केलेलं सामान ठेवायची. खिडकी एकच, आणि तीही गंजक्या सायकलींनी अडवलेली.

"अशा नव्हत्या म्हणजे? त्याच आहेत की. सही करा." त्याने कागद पुढे सरकवला. सामान जसं होतं तसं परत मिळालं, आमची काही तक्रार नाही, असं त्यावर छापलेलं होतं.

"जसं होतं तसं कुठे आहे? मी एकेका वायरीची जुडी बांधली होती. तुमच्या लोकांनी सोडल्या. तशाच बांधून द्या, मग म्हणते तक्रार नाही."

"ओ बाई, डोकं फिरलंय का तुमचं?"

"अगं, कर ना सही," दाराशी उभा असलेला तिचा नवरा पुटपुटला. "जाऊ आपण."

वहिनीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. टोपी काढून हातात धरलेली, नजर फरशीवर. पूर्वीचा हा माणूस असता तर एव्हाना कारकुनाच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसला असता, त्याला चार गोष्टी सांगून हसवलं असतं आणि वर त्याच्याच पैशाने चहा मागवला असता. फोन परत मिळत होते, बॅटऱ्या परत मिळत होत्या. नवरा तेवढा परत मिळाला नव्हता, आणि त्याचीही पोच हे लोक याच कागदावर मागत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गल्ली त्याला गंमतराव म्हणायची. खरं नाव कुणाला धड उच्चारता यायचं नाही, कारण ते "त्या लोकांचं" नाव होतं. चेहराही त्या लोकांचा, दाढीही त्या लोकांची. आता हा माणूस याच गावच्या दवाखान्यात जन्मला, इथल्याच शाळेत मार खाऊन मोठा झाला, पण ते चेहऱ्यावर थोडंच लिहिलेलं असतं! त्याने ती अडचण गमतीने निभावून नेली होती. समोरच्याने संशयाने बघायच्या आत त्याला हसवायचं, ही त्याची युक्ती. जन्मभर चालली. आणि गंमतरावांची बायको म्हणून ती सगळ्या गल्लीची वहिनी. घरातल्या पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र. गल्लीतल्या पोरांच्या चड्ड्यांपासून मास्तरीणबाईंच्या पडद्यांपर्यंत सगळं तिच्या हाताखालून जायचं.

मालगाडीवरची ड्रायव्हरकी सुटल्यावर त्याने हा फोनचा धंदा धरला. धंदा म्हणजे काय, अगदी सरळ. मोठी दुकानं बोलायचे पैसे आगाऊ भरलेले फोन पडेल भावात विकतात, कारण पुढे गिऱ्हाईक पैसे भरत राहील अशी त्यांना आशा. शहरातला ठोक व्यापारी त्याच फोनचे जास्त देतो. एका माणसाला तीनच, असा दुकानांचा नियम, म्हणून नवराबायकोने दोघांनी जायचं, तीन-तीन घ्यायचे, पुढचं दुकान गाठायचं. यात कायदा मोडत नाही, कुणाचं काही बुडत नाही. व्यापाऱ्याला फोन वेगळे आणि बॅटऱ्या वेगळ्या लागायच्या, कारण लांब पाठवायच्या मालात बॅटरी फोनमध्ये ठेवलेली चालत नाही. म्हणून गाडीतच खोकी फोडून माल वेगळा करायचा. खोकी आणि चार्जर त्याला नकोतच. या धंद्यातले सगळे जण चार्जर दुकानाबाहेरच्या कचराकुंडीत फेकून मोकळे होतात.

इथे वहिनी आड आली. "नवीकोरी वस्तू कचऱ्यात? हात झडतील माझे!"

"अगं, पण करायचं काय त्यांचं?"

"ते मी बघते. हात पुढे करा."

मग गाडीत पुढच्या सीटवर तो दोन्ही हात वीतभर अंतर ठेवून पुढे करायचा आणि ती त्यांच्याभोवती वायर गुंडाळायची. गुंडाळून झाली की शिवणातल्या उरल्यासुरल्या दोऱ्याने जुडी बांधायची. बारीक पिनेला लाल दोरा, जाड पिनेला हिरवा, म्हणजे शोधायला नको. तो काचेतून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगायचा, "बघा हो, भर दिवसा बायकोनं बांधून ठेवलंय!" लोक हसायचे. मग त्या जुड्या गल्लीत वाटल्या जायच्या. निम्म्या गल्लीचे फोन वहिनीच्या वायरींवर चालायचे.

त्या दिवशी दुकानात रांगेत त्यांच्या पुढे एक घारा माणूस होता. वहिनी त्याला ओळखायची. व्यापाऱ्याच्या दारात नेहमी भेटायचा, याच धंद्यातला जुना खेळाडू. त्याने तीन फोन घेतले. गल्ल्यावरची मुलगी गोड हसली. तो बाहेर गेला, खोकी फाडून चार्जर कुंडीत टाकायला लागला, तेव्हा रखवालदाराने स्वतःच्या हाताने कुंडीचं झाकण धरून ठेवलं. हे वहिनीने डोळ्यांनी पाहिलं.

मग यांचा नंबर आला. मुलीचं हसू मावळलं. "एवढे फोन कशाला हवेत?"

"काय सांगू ताई," गंमतराव म्हणाला, "बायकोला बोलायला एक फोन पुरत नाही!"

वहिनीने त्याला कोपर मारलं. मुलगी हसली नाही. तिने मागे वळून कुणाला तरी खूण केली.

फोन घेऊन दोघं गाडीत बसले. या मालातल्या पहिल्या जुडीची गाठ बसत होती तेवढ्यात गाडीला पोलिसांनी वेढा दिला. आत त्यांना काय दिसलं? मोकळे फोन. वेगळ्या काढलेल्या बॅटऱ्या. कात्री. मागच्या सीटवर आधीच्या दुकानांतल्या, लाल-हिरव्या दोऱ्यांनी नीटनेटक्या बांधलेल्या वायरींच्या जुड्या. आणि तो चेहरा. कुंडी तिथेच पन्नास पावलांवर घाऱ्याच्या चार्जरांनी भरलेली होती, पण तिच्यात कोण डोकावतो! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता, नुसता संन्यासीच होता.

"हे असं बांधायला कुणी शिकवलं?" एका खोलीत साहेबाने वहिनीला विचारलं.

"आईनं."

"आई कुठे असते?"

"वारली."

"कशानं?"

"म्हातारपणानं! तुमची अमर आहे का?"

"लाल दोरा कशाला आणि हिरवा कशाला? खरं सांगा."

तिने खरं तेच सांगितलं. दहादा सांगितलं. पलीकडच्या खोलीत तिच्या नवऱ्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवत होते. दुकानात तू म्हणालास, एक फोन पुरत नाही. म्हणजे किती लागतात? कशाला लागतात? कुणाला पुरत नाही? तो सांगत होता, साहेब, गंमत केली. त्यावर, कसली गंमत? गंमत समजावून सांग. आता गंमत कुणाला समजावून सांगता येते? रात्रंदिवस तो ती समजावत राहिला. तिला दुसऱ्या दिवशी सोडलं, त्याला आठवडाभर ठेवून घेतलं.

त्या आठवड्यात तिच्या जुड्या टीव्हीवर झळकल्या. टेबलावर ओळीने मांडलेल्या, खाली 'बॉम्बचं सामान?' अशी पट्टी, मागे छाती काढून उभा असलेला साहेब. सगळ्या गल्लीने पाहिल्या. त्याच जुड्या गल्लीतल्या निम्म्या घरांत भिंतीला लटकत होत्या! एकाला तरी वाटावं की उठावं, ठाण्यात जावं आणि सांगावं, अहो, ही वायर माझ्याही घरी आहे, आमच्या वहिनीनं दिलेली आहे. एकही माईचा लाल उठला नाही. मास्तरीणबाईंनी तर आपली वायर पिशवीत घालून वहिनीच्या दारात आणून ठेवली, आणि अर्धवट शिवलेले पडदे परत मागितले.

वहिनीने पडदे हातात दिले आणि विचारलं, "मास्तरीणबाई, फोन चार्ज होत होता तोवर वायर बरी होती ना?"

"तसं नाही हो, पण यांची नोकरी..."

"आणि आमच्या यांचं काय गेलं, पायताण?"

दार लागलं. त्यानंतर गल्लीत तिला कुणी वहिनी म्हणून हाक मारली नाही.

मग एके दिवशी, काही निष्पन्न झालं नाही, असं म्हणून त्याला सोडून दिलं. हे मात्र टीव्हीवर आलं नाही. घरी आल्यावर तो जेवला, झोपला, उठला. विचारलं तेवढंच बोलू लागला. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर देताना आधी थांबायचा, शब्द तपासून घ्यायचा. वहिनीने मुद्दाम भाजीत मीठ टाकलं नाही. पूर्वी एवढ्यावर त्याने आठवडाभर तिची फिरकी घेतली असती. तो मुकाट्याने जेवला आणि म्हणाला, "चांगली झालीय."

ती मोरीत जाऊन रडली. मग चूळ भरली, पदराला तोंड पुसलं आणि ठरवलं की आपलं सामान आपण परत आणायचं. सगळं. होतं तसं.

म्हणून आता तिने कागद बाजूला सारला, स्टूल ओढलं आणि बसली. "माझी कात्री कुठे आहे?"

"ती हत्यारांत लिहिलीय. तिला वेळ लागेल," कारकून म्हणाला.

"राहू दे. दात आहेत मला." तिने पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं आणि गुंत्यातलं एक टोक धरलं.

कारकून साहेबाला बोलावून घेऊन आला. तोच, टीव्हीवरचा. तो दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला, गुंत्याकडे बघत म्हणाला, "काय हो, एवढ्या वायरी लागतात तरी कशाला तुम्हाला?"

वहिनीचा हात थांबला. असला प्रश्न म्हणजे आयता चेंडू. गंमतरावाने असे हजार टोलवले होते. बोला, ती मनात म्हणाली. काहीही बोला. माझ्यावरून बोला, माझ्या माहेरावरून बोला.

त्याचे ओठ हलले. तो थांबला, शब्द तपासले.

"लागत नाहीत, साहेब," तो म्हणाला. "टाकून देतो."

वहिनीला साहेबाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, तो सगळा गुंता त्याच्या गळ्यात घालावासा वाटला. तिने गुंत्यातून पहिली वायर ओढून मोकळी केली.

"टाकायच्या नाहीत," ती म्हणाली. "इकडे या. हात पुढे करा."

तो आला. टोपी टेबलावर ठेवली आणि मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. मनगटाला मनगट चिकटवून, मुठी मिटून, बेडी घालून घ्यायला करतात तसे.

साहेबाने नजर वळवली. कारकून खोक्यातले फोन उगाच सारखे करू लागला.

वहिनीने त्याची मनगटं धरली, हलकेच एकमेकांपासून सोडवली, वीतभर लांब केली. एकेक बोट उघडलं. मग वायरीचं टोक त्याच्या अंगठ्याशी धरून ती गुंडाळायला लागली.

"अजून किती वेळ?" साहेबाने भिंतीकडे बघत विचारलं.

"लागेल वेळ," वहिनी म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला. लाल.