दूध पिणारा सकर

मी जगदेव, राहणार मेडशी. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. पातूरच्या घाटात एक बिबट्या माझ्या गाडीत चढला, मेडशीला उतरला आणि त्याच्याकडे बरोब्बर सुटे पैसे होते, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की गावातली चार माणसं आता आपणही त्या गाडीत होतो म्हणतात. तेव्हा माझं ऐकून घ्यायला गावाची कधी ना नव्हती. पण या हिवाळ्यात मी जन्मात पहिल्यांदा एक साधी, सरळ, खरी गोष्ट सांगत फिरलो आणि ती ऐकायला एकही माणूस तयार होईना.

माझी नात संस्कृती नागपूरला माशांचं शिक्षण घेते. दोन वर्षं जिवापाड जपलेले तिचे पाच डिस्कस मासे दिवाळीनंतर तिने माझ्या हवाली केले. डिस्कस म्हणजे पुरीएवढा, पुरीसारखाच गोल अन् चपटा मासा. त्यातला सगळ्यात मोठा, लालभडक, त्याचं नाव पाटील. या मंडळींना पाणी तीस अंश लागतं. बाहेर आठ अंशांत मी दोन गोधड्यांत कुडकुडतोय आणि पाटील हीटरशेजारी पंख हलवत उभा आहे, असं आमच्या घरातलं चित्र.

जाताना पोरीनं बजावलं होतं. “आबा, हे दाणे खाली लय पाडतात. ते सडले का वास येते. तळाशी फिरून उष्टं खाणारे मासे आना, पन गरम पान्यात टिकणारे. स्टर्बाई कोरी म्हणायचं, सहा आना. दुसऱ्या कोरी थंड पान्याच्या असतात, त्या तीस अंशात जगत नाईत. आन तो काचेले चिकटणारा सकर मासा तर आनूच नका. तो डिस्कसच्या अंगाले चिकटते आन वरचा चिकटा चाटून खाते. मंग तिथी जखम होते, मासा जाते.”

“पाटलाच्या अंगाले ओरखडा येऊ देत नाई,” मी म्हणालो.

परीक्षा होईतो फोन बंद, असं सांगून ती गेली. मी हे सगळं कागदावर लिहून घेतलं नाही. तिथेच माझं चुकलं.

पंधरा दिवसांत वास सुटला. सून वैजयंती नाकाला पदर लावून म्हणाली, “मामाजी, आठ दिवसात हा वास गेला पायजे. नाईतर टाकी गोठ्यात.”

गोठ्यात ना प्लग, ना हीटर. पाटील एका सकाळीत थंडगार. मी तडक मालेगावला गेलो. बसस्टँडमागे इब्राहीमचं दुकान आहे. अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरं, अर्ध्यात मासे.

“स्टर्बाई कोरी पायजे. सहा.”

“ते अकोल्याहून मागवा लागते, भाऊ. ह्या ठिपक्यावाल्या कोरी घेऊन जा ना.”

“त्या थंड पान्याच्या.”

“मंग सकर घ्या. एक नंबर माल. काच चाटूनपुसून साफ करते.”

“तो डिस्कसले चाटते.”

इब्राहीमनं हातातलं कव्हर खाली ठेवलं. “मासा माशाले चाटते?”

“व्हय.”

“जगदेवभाऊ, बिबट्यापर्यंत ठीक होतं. आता तब्येतीले जपत जा.”

गिऱ्हाईकं हसली. मी रिकाम्या हाताने परतलो, तर घरी मुलगा विकास ओसरीत बादली घेऊन हजर. बादलीत धरणातला मांगूर, हातभर लांब, मिशा माझ्यापेक्षा मोठ्या.

“आबा, तळाशीच राह्यते हा. सगळं साफ करन.”

“पाटलासकट साफ करन!” मी ओरडलो. ही गोष्ट त्याला पटली, कारण मांगुराचं तोंड समोर दिसत होतं. त्यानं बादली परत नेली आणि दुसऱ्या दिवशी इब्राहीमकडून सकर घेऊन आला. फुकट मिळाला म्हणे.

“विकास, संस्कृतीनं सकर नाई म्हणून सांगतलं.”

“कोनाले सांगतलं?”

“मले.”

“आनखी कोनाले?”

दाखवायला कागद नव्हता. त्यानं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गॉगलवाला माणूस हिंदीत सांगत होता की सकर म्हणजे टाकीचा सफाई कामगार. गॉगलवाल्यावर विश्वास, जन्मदात्यावर नाही. सकर टाकीत गेला.

दोन दिवसांत काच लखलखली, वासही कमी झाला. वैजयंती खूश. “पाहा, किती कामाचा मासा हाये. नाईतर तुमचा तो पाटील, नुसता उभा राहून खाते.”

तिसऱ्या दिवशी पाटलाच्या बरगडीवर नखाएवढा पांढरा डाग दिसला. मी खुर्ची टाकून बसलो. तासाभराने सकर काचेवरून सुटला, पाटलाच्या कुशीला चिकटला आणि आईसक्रीम चाटावं तसा चाटू लागला. मी वैजयंतीला हाक मारली. ती हात पुसत येईपर्यंत सकर पुन्हा काचेवर, निरागस.

“चाटलं म्हणता?”

“आत्ता! माह्या डोळ्यानं पाह्यलं!”

“तुमच्या डोळ्यानं तर बिबट्याबी पाह्यला होता, मामाजी.”

आता सांगा, काय करावं माणसानं? सकराला स्वतः काढायला गेलो तर तो वैजयंतीचा लाडका. काढला की टाकी गोठ्यात. संस्कृती शुक्रवारी येणार. पाटलाचा डाग सकाळी नखाएवढा होता, संध्याकाळी रुपयाएवढा. खरं बोलून मी सगळ्यांत स्वतःचं हसू करून घेतलं होतं. शेवटी मी आपल्या जुन्या धंद्यावर परत आलो.

आमच्या घरी महिनाभर दुधावरची साय गायब होत होती. वैजयंतीनं मांजराला बदडलं, खिडकीला जाळी बसवली, तरी साय गायब. तेव्हा दुपारी चहा घेता घेता मी सहज म्हणालो, “वैजयंती, एक सांगू? पन तू इश्वास ठेवत नाईस.”

“सांगा.”

“हा सकर दुपारी टाकीतून निघते. ओट्यावर सरकत जाते. आन साय खाते.”

मला वाटलं हसेल. तिनं कप खाली ठेवला. “म्हणूनच,” ती म्हणाली. “म्हणूनच जाळी बसवून काई फरक नाई पडला!”

सकर येऊन चार दिवस झाले होते, साय जात होती महिनाभर. पण हा हिशोब तिनं केला नाही आणि मीही सुचवला नाही. दाण्याची वेळ झाली होती, मी टाकीचं झाकण उघडून दाणे टाकत होतो, तेवढ्यात ती दुधाचं पातेलं घेऊन आली आणि टाकीला लागून स्टुलावर ठेवलं.

“हे काहून?”

“आज त्याले रंगेहाथ पकडते. तुमी बाजूले सरका.”

ती झारा घेऊन पडद्याआड बसली. सकर काही पातेल्याकडे जाणार नव्हता, आणि गेला नाही की माझं संपलं. अर्धा तास गेला. सकर काचेच्या वरच्या कडेला चिकटून निवांत. तिचा धीर सुटला. “येत नाई का तू?” म्हणून तिनं झारा टाकीच्या काचेवर ठाणकन मारला.

सकर दचकला. उडी मारली ती उघड्या झाकणातून वर, हवेत एक गिरकी, आणि धप्पकन सरळ दुधात.

मी एकतीस वर्षांत अनेक गोष्टी रचल्या, पण अशी रचायची माझी हिंमत झाली नसती.

“अगं बाई! पिऊन राह्यला! पिऊन राह्यला!” वैजयंतीची किंकाळी ऐकून विकास मागच्या खोलीतून धावत आला. दुधात सकर, मिशांना साय. त्यानं त्याला धुऊन डब्यात घातला आणि तिघं मालेगावला निघालो. दुकानात वैजयंतीनेच सगळं सांगितलं. इब्राहीमनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“वहिनी कधी खोटं बोलत नाई,” तो गंभीरपणे म्हणाला, आणि अकोल्याला फोन लावला.

गुरुवारी सहा स्टर्बाई थर्माकोलच्या खोक्यात बसने आल्या. बोटाच्या पेराएवढ्या, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, छातीशी नारिंगी पंख, ओठाला बारीक मिशा. पिशवी तासभर टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली, दोन्ही पाणी सारखं गरम झाल्यावर सोडल्या. लगेच वाळूत तोंडं खुपसून कामाला लागल्या. पाटलाकडे एकीनंही मान वर करून पाहिलं नाही.

शुक्रवारी संस्कृती आली. बॅग खांद्यावरच, टाकीसमोर वाकली. “आबा, पाटलाले सकरनं चाटलं का?”

“व्हय,” मी म्हणालो आणि पुढचं बोलणं विसरलो. पहिल्या झटक्यात कोणी विश्वास ठेवायची मला सवयच नाही.

“वेळेवर काढला म्हणून वाचला. भरून येईन हा डाग.” तिनं माझा हात दाबला. “पन आईनं काढू कसा दिला?”

मी सगळं सांगितलं. पातेलं, झारा, गिरकी, दूध. तिनं बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, “आबा, खरं सांगा.”

“हेच खरं हाये! विचार आपल्या आईले! वैजयंती, सांग हिले, सकर दुधात पडला का नाई?”

वैजयंती स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात तेच पातेलं होतं. सकर जाऊन तीन दिवस झाले होते आणि आजही दुधावर साय नव्हती. तिनं पातेल्यात पाहिलं, मग माझ्या मिशीकडे पाहिलं, अगदी सावकाश.

“सकर? दुधात?” ती म्हणाली. “मले तर असं काई आठवत नाई, बापा. मामाजी, चहात दूध टाकू, का तेबी सकर पिऊन गेला?”